त्या चित्राखालची ओळ

तुमच्या आयुष्यातली सगळ्यांत मोठी चूक तुम्ही गेल्यावर कुणी सोनेरी चौकटीत बसवली, तिला हार घातला आणि तिच्यासमोर उभं राहून तुमची स्तुती केली, तर तुम्हांला चालेल का? ‘मेल्यावर मला काय कळणार’ असं म्हणून सुटू नका. चालेल की नाही, एवढंच सांगा. माझ्या आत्याला चाललं नसतं. जिवंतपणी तिनं हे ज्याला त्याला सांगितलं होतं, तोंडानं सांगितलं होतं, लिहून सांगितलं होतं. तरी गेल्या महिन्यात जबलपूरला तिच्या शोकसभेत नेमकं हेच झालं. म्हणून हे लिहीत आहे.

बाबांचा फोन आला तेव्हा मी नागपूरला होते. बाबा फोनवर मुद्द्याशिवाय बोलत नाहीत. फॅक्टरीच्या गेटवर आयुष्यभर भाषणं केलेला माणूस, फोन त्यांना तारेसारखा वाटतो. त्या दुपारी मात्र त्यांनी आधी विचारलं, “जेवलीस का?” “कुंदा गेली,” ते म्हणाले. “मंडल्याहून परत येत होती. बसमध्येच… कंडक्टरला वाटलं, झोपली आहे.” जबलपूरच्या बसस्टँडवर सगळे उतरून गेले, झाडूवाला आत चढला, त्यानं “माताजी, उठिए” म्हटलं, तेव्हा कळलं. खिडकीला डोकं टेकवून ती किती वेळ तशी बसली होती, कुणालाच सांगता आलं नाही. मिळाली ती बस धरून मी सिवनीच्या रस्त्यानं निघाले, आणि वाटेत जी जी बाई खिडकीला टेकून झोपलेली दिसे, तिला हलवून जागं करावंसं वाटत होतं.

आमचं घर मूळचं अमरावतीकडचं. आजोबा रेल्वेत होते. राज्यं वेगळी झाली तेव्हा अर्धे नातेवाईक महाराष्ट्रात गेले आणि आजोबा नोकरीसाठी जबलपूरलाच राहिले. मग उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर हिंदी, असा आमचा संसार सुरू झाला. बाबा संरक्षण खात्याच्या फॅक्टरीत लेथवर लागले आणि युनियनमध्ये रमले. त्यांची धाकटी बहीण कुंदा शिकत गेली, शिकतच राहिली, आणि शेवटी शहरातल्या एका महाविद्यालयात जीवरसायन शिकवू लागली. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारणाऱ्यांना ती म्हणे, “वेळच मिळाला नाही बाप्पा. जंतू लवकर वाढतात ना.”

तिचा विषय मला पहिल्यांदा समजला तो आमच्या घराच्या फरशीवर. रविवारी मी बाबांच्या पत्रकांच्या घड्या घालत बसायची. अक्षरओळख मला त्या पत्रकांवरच झाली. ‘साथियो’ हा मी वाचलेला पहिला शब्द. आत्या आली, चप्पल काढता काढता म्हणाली, “काय करून राहिली, छोटी?” मी म्हटलं, उद्या गेटवर वाटायची आहेत. “मग आपला धंदा एकच,” ती म्हणाली आणि फरशीवर बसली. नर्मदेच्या चिखलात एक जंतू असतो, तिनं सांगितलं. त्याला डोळे नाहीत, कान नाहीत. पण बाहेर खाणं कमी झालं, की आत कळायला तर हवं. म्हणून त्याच्या भिंतीत एक प्रथिन उभं असतं, अर्धं बाहेर, अर्धं आत. बाहेर काही बदललं की ते आतल्या दुसऱ्या प्रथिनाच्या हातात एक बारीकसा तुकडा ठेवतं. तुझे बाबा गेटवर पत्रक ठेवतात ना हातात, तसा. मी विचारलं, “त्या पत्रकावर काय लिहिलेलं असते?”

“काहीच नाही. कोरं असते.”

“मंग वाचते काय ते?”

“वाचत नाहीच ना. हातात पडलं की त्याचा आकारच बदलतो. आकार बदलला, की पुढची कामं सुरू. तोच निरोप.”

आतून बाबा ओरडले, “कोरं पत्रक! असं असतं तर प्रुफं तपासून माझे डोळे गेले नसते!” आत्या इतकी हसली, की माझ्या घातलेल्या घड्या विस्कटल्या.

हातात तुकडा घेणाऱ्या त्या आतल्या प्रथिनाचा आकार कसा असतो, हेच तिचं काम. ही वस्तू इतकी लहान, की सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून दिसत नाही. तिचे खडे करावे लागतात, साखरेचे होतात तसे, आणि त्या खड्यातून क्ष-किरण सोडून, ते कुठे कसे विखुरले यावरून आकार शोधायचा. खडा करायला प्रथिन शुद्ध हवं. एका जंतूत हजारो प्रथिनं; त्यांतून आपलं एकच कसं उचलायचं? तर त्याला मुद्दाम एक छोटी शेपूट जोडायची, शेपटीला धरून बाहेर काढायचं आणि मग शेपूट कापून टाकायची. आत्यानं ती कापली नाही. कापताना बराचसा माल वाया जात होता आणि शेपटीसकट खडे फार सुंदर येत होते. पुष्कळ लोक तसंच करतात, आजही करतात. बहुतेक वेळा काही बिघडत नाही. तिचे खडे थर्मोकोलच्या डब्यातून दूरच्या एका मोठ्या संस्थेत गेले, आकडे परत आले, आणि तिला आकार दिसला. घट्ट मिटलेली मूठ. तिनं लिहिलं, की हे प्रथिन स्वतःला कुलूप लावून बसतं आणि निरोप आला तरच उघडतं. तो लेख बाहेरच्या नियतकालिकात छापून आला आणि आमच्या शहरात गडबड उडाली. स्थानिक पेपरात तिचा फोटो आला, वर मथळा, ‘शहर की बेटी ने खोजा जीवाणु का कान’. आत्या वैतागली, “कान बाहेर असते! मी पाहिलं ते आतलं!” पण चार दिवस ती तो पेपर पर्समध्ये घेऊन फिरत होती, हेही खरं. महाविद्यालयानं त्या मुठीचं रंगीत चित्र मोठं छापून घेतलं. आसपासच्या गावांतले प्राध्यापक यायचे, चित्र मागायचे, ती गुंडाळी करून द्यायची. मंडला, बालाघाट, छिंदवाडा, पलीकडे गोंदिया, भंडारा… मागेल त्याला दिलं.

वर्षं गेली. एक दिवस दक्षिणेतल्या कुठल्याशा प्रयोगशाळेतून एका तरुण संशोधकाची ईमेल आली. त्यानं शेपूट कापली होती आणि खडा न करता, पाण्यात मोकळं असतानाच ते प्रथिन तपासलं होतं. त्याच्याकडे मूठ मिटलेली राहतच नव्हती. ‘आमचं काय चुकत असेल, मॅडम?’ असं त्यानं फार अदबीनं विचारलं होतं. आत्या आपले जुने आकडे काढून बसली. मी तेव्हा महाविद्यालयात शिकत होते आणि बरेचदा तिच्याकडेच जेवायला असायची. दोन-तीन दिवस ती भाजीत मीठ टाकायला विसरत होती. मग एका संध्याकाळी म्हणाली, “छोटी, ओमती चौकातून आपण ऑटोत बसतो, तेव्हा कसे बसतो?”

“कोंबून.”

“हौ. आणि तशात कोणी फोटो काढला, आणि माझ्या मांडीवर एक कोपर दिसलं, तर ते कोणाचं?”

“शेजारच्या बाईचं.”

“मी ते माझंच समजले,” ती म्हणाली.

खड्यात रेणू असेच दाटीनं बसतात. शेजारच्या रेणूची न कापलेली शेपूट आमच्या रेणूच्या खोबणीत शिरली होती. आत्यानं ती त्याचीच समजून चित्र काढलं. मूठ मिटली होती ती परक्या शेपटीवर. खरं प्रथिन मिटून बसतच नव्हतं. “ते सारखं उघडझाप करत राहते,” ती म्हणाली, “निरोप नसला तरी.”

“मग निरोप कशाला लागतो?”

“निरोप आला की जास्त वेळ उघडं राहते. एवढाच फरक.” आणि माझ्या तोंडाकडे पाहून पुढे म्हणाली, “वाट पाहते वगैरे काही लिहू नकोस हं कुठे. त्याला मन नाही.” नाही लिहीत, आत्या.

तिच्या लेखावर दुसरं नाव तिच्या गुरूंचं होतं आणि ते वारले होते. म्हणजे बोलली नसती तरी चालण्यासारखं होतं. त्या तरुणाला ‘परिस्थिती वेगळी असेल’ असं दोन ओळींचं उत्तर पाठवलं असतं तर तो गप्प बसला असता. आपल्याकडे तरुणांना गप्प बसवणं काय अवघड आहे? निवृत्ती जवळ आली होती. विभागाच्या माहितीपत्रकावर तीच मूठ छापलेली होती. तिनं लेख मागे घेण्याचं पत्र तयार केलं आणि विभागप्रमुखांना दाखवलं. ते माणूस म्हणून वाईट नाहीत, हे मला लिहिलंच पाहिजे. ते हळू आवाजात म्हणाले, “मैडम, पर पूछा किसने?”

“मैंने पूछा,” आत्या म्हणाली.

नियतकालिकात मागे घेतल्याची सूचना छापून आली त्या दिवशी तिनं घरातलं स्वतःचं चित्र भिंतीवरून काढलं. मला वाटलं, फाडते आता. तिनं ते चौकटीतून सोडवलं, टेबलावर पसरलं आणि खालच्या कोऱ्या जागेत मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘ही मूठ खरी नाही. शेजारच्या रेणूची शेपूट आत अडकली आहे. खरं प्रथिन सतत उघडतं आणि मिटतं. चूक माझी. कुंदा.’ मग पुन्हा चौकटीत घालून, होतं तिथंच लावलं. मी विचारलं, ठेवतेस कशाला? ती म्हणाली, “फाडलं तर कसं कळेल, चूक कुठे होते ते? चित्र राहू दे. ओळ पण राहू दे.”

त्यानंतर तिला कुणी काही बोललं नाही. अगदी कुणीच काही बोललं नाही. आधी अकरा वाजता चहाची किटली तिच्या खोलीत यायची, कारण खिडकी तिच्याच खोलीला मोठी होती आणि बिस्किटांचा डबाही तिच्याकडेच असायचा. पुढे किटली शेजारच्या खोलीतच थांबू लागली. व्याख्यानांची बोलावणी थांबली. विद्यार्थी दुसऱ्यांकडे नावं नोंदवू लागले. भांडण असतं तर दार आपटल्याचा तरी आवाज आला असता. आत्या डबा भरत राहिली. शनिवारी घरी आणून माझ्यासमोर ठेवायची, “सादळली ही. खाऊन टाक.” दर शनिवारी बिस्किटं सादळलेली असायची आणि दर सोमवारी ती ताजी न्यायची.

माझं रक्त उकळत होतं. मी पत्रक लिहिलं. चांगलं लिहिलं होतं. पहिल्याच वाक्यात विभागाला उघडं पाडलं होतं, भित्रे म्हटलं होतं, प्रतिष्ठेचे दलाल म्हटलं होतं. आत्यानं ते चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं, एका ठिकाणची वेलांटी सुधारली आणि परत दिलं.

“नको.”

“काहून नको? ते तुला वाळीत टाकून राहिले!”

“पत्रक काढायला समोर कोणी तरी लागते, छोटी. इथं समोर मीच आहे. चूक त्यांनी केली का?”

मी ते घडी घालून ठेवलं. मी वाचलेल्या, घड्या घातलेल्या, वाटलेल्या एकाही पत्रकात ‘आमचं चुकलं’ हे वाक्य नव्हतं. मागण्या होत्या, इशारे होते, धिक्कार होते. ते वाक्य मी पहिल्यांदा पाहिलं ते तिच्या चित्राखाली.

निवृत्तीनंतर तिनं एक काम काढलं. वाटलेली चित्रं ज्या ज्या महाविद्यालयांत असतील तिथं बसनं जायचं, परवानगी मागायची आणि चित्राखाली ती ओळ स्वतः लिहायची. मध्य प्रदेशात हिंदीत, पलीकडे मराठीत. एका गावी चित्र उलटं टांगलेलं निघालं. तिनं आधी सरळ केलं, मग लिहिलं. एका ठिकाणी त्यावर देवीचं कॅलेंडर होतं. एका ठिकाणी प्राचार्यांनी तिला जेवायला घातलं आणि विचारलं, मुलांना सांगायचं तरी काय? “हेच सांगा,” ती म्हणाली. एका ठिकाणी शिपायानं आतच सोडलं नाही, तर ती दुसऱ्या आठवड्यात पुन्हा गेली. मी सुट्टीत आले की ती मला या गोष्टी रंगवून सांगायची, आणि सांगताना तिच्या लक्षात येत नसे, की त्या सगळ्या गोष्टींत ती सोडून ओळखीचं माणूस एकही नाही. शेवटची भेट झाली तेव्हा मी विचारलं, “आता किती राहिले?”

“मला काय माहीत? तेव्हा मागेल त्याला दिलं. दिलेल्याची यादी ठेवते का कोणी?”

“मग हे संपणार कधी?”

“मंडला करून येते आधी,” ती म्हणाली.

तेराव्यानंतर विभागप्रमुख घरी आले. डोळे खरोखर भरलेले होते. महाविद्यालयात शोकसभा आहे, म्हणाले, आणि मॅडमचं स्वतःचं ते चित्र आम्हांला द्या, प्रयोगशाळेच्या दारावर कायमचं लावू. मला आनंद झाला. त्यावर ओळ होती ना! मीच भिंतीवरून काढून, चादरीत गुंडाळून त्यांच्या गाडीत ठेवलं. शोकसभेला गेलो तेव्हा मंचावर आत्याचा फोटो होता आणि शेजारी ते चित्र, दोन्हींना हार. बड्या फुहाऱ्याच्या बाजारातल्या दुकानातून नवी सोनेरी चौकट करून आणलेली, आत चारी बाजूंनी मरून मखमलीची रुंद पट्टी. खालच्या पट्टीमागे ओळ गेली होती. मूठ तेवढी झळकत होती. मी जाऊन विचारलं, तर ते म्हणाले, “बेटा, वो फ्रेमवाले ने…” आणि मग माझा हात हातात घेऊन, “पर अच्छा ही हुआ ना? आज के दिन वो सब क्यों?”

मी माईक मागितला. ती ओळ मला पाठ होती, ती म्हटली. पट्टीमागे ती आहे हे सांगितलं. तिचं सगळ्यांत मोठं काम ती मूठ नाही, ती ओळ आहे, असं म्हणाले. मग सूत्रसंचालक म्हणाले, “अब हम दो मिनट का मौन रखेंगे,” आणि सगळे उभे राहिले. बाहेर एक बाई माझ्या पाठीवरून हात फिरवून गेल्या, “बहुत भावुक बोलीं आप.” चित्र त्याच पट्टीसकट दारावर लागलं.

घरी येताना मी बाबांना म्हटलं, तुम्ही काही बोलला का नाहीत? ज्या माणसानं मला पत्रकांवर वाचायला शिकवलं, तो रस्त्याकडे पाहत म्हणाला, “काहून भांडून राहिली? तिचं नाव चांगलंच राहून राहिलं ना. राहू दे.” त्या दिवशी मला कळलं, की आत्या इतकी वर्षं नेमकी कुठे उभी होती. तिथं गर्दी नसते.

परवा मी मंडल्याला गेले. ती तिथल्या चित्रापर्यंत पोचली होती का, एवढंच पाहायचं होतं. सुट्टी होती, महाविद्यालय ओस होतं. प्रयोगशाळेतल्या मावशींनी दार उघडलं. फळ्याशेजारी, बरंच उंच, ते चित्र होतं, आणि खाली आत्याचं अक्षर. ओळ शेवटी थोडी उतरत गेली होती. मावशी म्हणाल्या, “मैडम स्टूल पर चढ़ गईं। हमने बोला हम लिख देते हैं, तो बोलीं, नहीं, गलती मेरी है।” मग मुलांनी विचारलं, काय लिहिलं, तर आत्या तिथंच शिकवायला लागली. तास झाला, पुढचा तासही तिलाच दिला. “बच्चों ने इतने सवाल पूछे, इतने पूछे… बस छूट गई उनकी। दूसरी से गईं। बहुत खुश थीं।” फळा पुसलेला होता. मी त्या रिकाम्या खोलीत एका बाकावर बसले. तिला शेवटचे प्रश्न विचारणारी मुलं कुठे बसली असतील, याचा अंदाज करत होते. मावशींना कुलूप लावायचं होतं; त्या किल्ली घेऊन दारातच टेकल्या.

आता तुमच्याकडे मागणं आहे. आत्यानं यादी ठेवली नाही, त्यामुळे बाकीची चित्रं कुठे आहेत हे मला ठाऊक नाही. ती तुमच्या गावात असतील. तुम्ही विज्ञान शिकवत असाल, शिकत असाल, किंवा तुमची मुलगी शिकत असेल, तर प्रयोगशाळेच्या, ग्रंथालयाच्या, स्टाफरूमच्या भिंतीवर एकदा नजर टाका. जंतूच्या प्रथिनाचं, मिटलेल्या मुठीसारखं रंगीत चित्र दिसलं आणि कोपऱ्यात जबलपूर असं छापलेलं असलं, तर ते काढू नका, फाडू नका. परवानगी घ्या आणि खाली लिहा, ‘ही मूठ खरी नाही. खरं प्रथिन सतत उघडतं आणि मिटतं. चूक कुंदाची, आणि ती तिनंच शोधून सांगितली.’ पुसलं जाणार नाही अशा शाईनं लिहा. मुलं विचारतील, हे काय आहे. तेव्हा घाईत असलात तरी थांबा आणि त्यांना सगळं सांगा.